नागासाकी : जपानचा उंबरठा



नागासाकी हे नाव न ऐकलेला श्रोता ह्या सभेत एकही नसेल. परंतु हे नाव आपण एकटे असे कधी उच्चारीत नाही. ‘हिरोशिमा आणि नागासाकी’ असा त्याचा जोडशब्द झाला आहे, आणि त्या जोडीतही हे गाव मागून येते. त्याच्याविषयी आपल्याला एकच तारीख ठाऊक असते, ९ ऑगस्ट १९४५. जणू त्या दिवशी सकाळी अकरा वाजेपर्यंत तेथे काही घडलेच नव्हते! आजच्या व्याख्यानात मी त्या तारखेपर्यंत येणार आहे. पण सुमारे चारशे वर्षांचा वळसा घालून. कारण त्या दिवशी तेथे कोण माणसे मेली, हे त्या वळशावाचून कळत नाही.

प्रथम जागा पाहू. जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटाच्या पश्चिम टोकाला समुद्राची एक लांब, अरुंद चिंचोळी आत शिरली आहे. तिन्ही बाजूंना डोंगर. सपाट जमीन इतकी थोडी की घरे डोंगरावर चढत गेली आहेत, आणि कित्येक घरांना रस्ता म्हणजे नुसत्या पायऱ्या. आपल्या पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. नागासाकीत सायकल हे वाहन नसून खांद्यावरचे ओझे व्हायचे. नकाशा उघडला तर आणखी एक गोष्ट दिसते. येथून टोकिओपेक्षा शांघाय जवळ आहे. ह्या गावाचे तोंड पहिल्यापासून समुद्राकडे आणि पाठ राजधानीकडे, असा हा प्रकार आहे.

१५७१ साली पोर्तुगीजांचे जहाज ह्या बंदरात आले, आणि तोवरची कोळ्यांची वस्ती शहर होऊ लागली. तेथला सरदार ओमुरा सुमितादा हा ख्रिस्ती झालेला होता. त्याने १५८० मध्ये बंदराचा कारभारच जेझुइट पाद्र्यांच्या हाती दिला. मकावहून चिनी रेशीम यायचे आणि मोबदल्यात जपानी रुपे जायचे. ह्या जलमार्गाचे मूळ ठाणे कोणते? तर आपले गोवे. गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी अशी ती वाट होती.

त्या वाटेने एक मोठी नवलाची सफर झाली. १५८२ मध्ये तेरा-चौदा वर्षांचे चार जपानी मुलगे नागासाकीहून रोमला निघाले. पोपची भेट घेऊन परतताना १५८७ मध्ये ते गोव्यात उतरले. त्यांच्यापैकी हारा मार्तिनो ह्याने तेथे लॅटिनमध्ये भाषण केले, आणि ते पुढच्या वर्षी गोव्यातच छापून निघाले. ज्या छापयंत्रावर ते छापले ते यंत्र हे लोक जपानला नेत होते. जपानी मुलाने गोव्यात लॅटिन बोलावे आणि त्याची पुस्तिका व्हावी, ही गोष्ट शिवाजीमहाराजांच्या जन्माच्या बेचाळीस वर्षे आधीची आहे! त्या चौघांचे पुढे काय झाले? एक नागासाकीत आजाराने गेला. एकाने धर्म सोडला. मार्तिनो देशाबाहेर घालवला गेला आणि मकावला वारला. चौथा, नाकाउरा जुलियान, १६३३ मध्ये ह्याच नागासाकीत खड्ड्यावर उलटा टांगून मारला गेला. पन्नास वर्षांत वारे किती फिरले, ते एवढ्यावरून समजावे.

वारे फिरले ह्याला कारणे होती, आणि ती एका बाजूची नव्हती. पोर्तुगीज व्यापारी जपानी माणसे गुलाम म्हणून विकत घेऊन मकावला आणि गोव्याला नेत. नव्या धर्माच्या भरात नागासाकीच्या परिसरातील देवळे आणि बुद्धमंदिरे जाळली, पाडली गेली. गोव्यात त्याच काळात इन्क्विझिशन चालू होते, हे आपण विसरू शकत नाही. तेव्हा जपानी राज्यकर्त्यांच्या मनात जो संशय शिरला तो अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. परंतु राज्यकर्त्यांच्या संशयाची किंमत राज्यकर्ते देत नाहीत. ती देतो उंबरठ्यावर उभा असलेला माणूस.

अशा माणसांपैकी एक आपल्या वसईचा होता. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली हे आपण शाळेत शिकतो. त्यापूर्वी दोनशे वर्षे ती पोर्तुगीजांकडे होती. तेथे १५५७च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई तेथलीच. पोरवयात तो पाद्र्यांबरोबर जपानला गेला आणि जपानी भाषा अशी शिकला की परदेशी पाद्र्यांत त्याच्यासारखे बोलणारे थोडेच होते. जेझुइटांनी त्याला आपल्या संघात घेतले नाही. मग त्याने व्यापार केला, पुढे मनिलाला जाऊन तो फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९३ मध्ये दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला आला. १५९६ मध्ये एक स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागले, त्यावरून तंटा झाला आणि हिदेयोशीने शिक्षा फर्मावली. क्योतोमध्ये कैद्यांच्या कानाच्या पाळ्या कापल्या आणि ऐन हिवाळ्यात सुमारे आठशे किलोमीटर चालवीत त्यांना नागासाकीला आणले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाकाच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. वीस जपानी, सहा परदेशी. त्या सहांत हा वसईकर. १८६२ मध्ये रोमने त्याला संत म्हटले. भारतात जन्मलेला हा पहिला संत वसईच्या ख्रिस्ती घरांत आजही पूज्य आहे. वसईबाहेरच्या आपल्या सुशिक्षितांना मात्र त्याचे नाव ठाऊक नसते, ह्याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

त्यानंतर एकेक दार बंद होत गेले. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. १६३७-३८ मध्ये जवळच शिमाबाराला शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले आणि ते रक्तात बुडवले गेले. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकलले. त्यांच्यासाठी नागासाकीच्या धक्क्यापुढे भर घालून, पंख्याच्या आकाराचे एक बेट १६३६ मध्ये तयार केले होते. त्याचे नाव देजिमा. बेट ओस पडले, भाडे बुडू लागले, तेव्हा १६४१ मध्ये डचांना त्यात आणून बसवले. हे बेट केवढे? जेमतेम पावणेचार एकर. एक मोठा वाडा आणि त्याची बाग म्हणा. गावाशी जोडणारा एकच पूल, पुलावर चौकी. डचांना परवानगीवाचून बाहेर पाय टाकता येत नसे. आत येण्याची मुभा अधिकारी, दुभाषे, नोकर आणि गणिका एवढ्यांनाच. दोनशेहून अधिक वर्षे युरोपातील माल आणि युरोपातील विचार जपानात शिरले ते ह्या एका पुलावरून.

चिनी लोकही होते, आणि व्यापारात डचांपेक्षा त्यांचाच वाटा मोठा होता. १६८९ मध्ये त्यांनाही भिंतीआडच्या वसाहतीत कोंडले. तरी गावावर त्यांची छाप खोल उमटली. ऑक्टोबरातल्या कुंची नावाच्या जत्रेत आजही चिनी नाग नाचवतात आणि त्याच जत्रेत डच गलबताचा रथही ओढतात. चिनी गलबतांतून काय काय उतरे! १७२८ मध्ये एका गलबतातून आजच्या व्हिएतनामकडचे दोन हत्ती उतरले. हत्तीण नागासाकीतच मेली. हत्ती मात्र तेथून राजधानी एदोपर्यंत, म्हणजे आजच्या टोकिओपर्यंत, सुमारे १,४०० किलोमीटर पायी गेला. अडीच महिने लागले. वाटेत क्योतोला सम्राटाने त्याला पाहायचे ठरवले; पण दरबारी दर्जा नसलेल्याला सम्राटापुढे येता येत नसे. म्हणून हत्तीला दरबारी दर्जा बहाल झाला अशी कथा सांगतात. आपल्याकडे हत्तीवर बसणाऱ्याला मान मिळतो; तेथे तो हत्तीलाच मिळाला.

खाण्याचे म्हणाल तर नागासाकी हे साखरेचे बंदर. साखर येथे उतरे आणि घोड्यांच्या पाठीवरून बाकीच्या देशात जाई. त्यामुळे ह्या भागात एखादा पदार्थ अगोड झाला की म्हणत, ‘नागासाकी फार लांब आहे.’ पोर्तुगीजांच्या शिकवणीतला कासुतेरा नावाचा अंडी-साखरेचा केक तेथे आजही घरोघर भेट म्हणून नेतात. आणि शब्द पाहा. पोर्तुगीजांकडून आपण ‘पाव’ घेतला, जपान्यांनी त्याच शब्दाचा ‘पान’ केला. आपण ‘पाद्री’ म्हटले, त्यांनी ‘बातेरेन’. ‘शाबोन’ म्हटले की आपल्याला साबण ओळखू येतोच. व्यापाराचे धागेही आपल्यापर्यंत येतात. देजिमावरून डच लोक जपानी तांबे उचलीत आणि सुरतेच्या व चोळमंडळाच्या बाजारांत विकीत. आपल्या किनाऱ्यावरचे छापील सुती कापड उलट दिशेने जाई. महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हा तेथे डचांची वखार होतीच. त्या काळच्या हिंदी तांब्याच्या भांड्यांत जपानी तांबेही मिसळलेले असणार.

परंतु ह्या पुलावरून आलेला सर्वांत मोलाचा माल कोणता, असे विचाराल तर मी म्हणेन, पुस्तके. आणि तो माल ज्यांनी वाहिला ते हमाल म्हणजे नागासाकीचे दुभाषे. वंशपरंपरा डच भाषा शिकणारी ही घराणी होती. त्यांना विदेशी भाषा यायलाच हवी, आणि ती येते म्हणून त्यांच्यावर सरकारचा संशयही! प्रत्येक गलबत आले की जगात काय घडले त्याचा वृत्तांत डचांकडून घेऊन तो जपानीत उतरवायचा आणि एदोला पाठवायचा, हे त्यांचे काम. १७२० मध्ये ख्रिस्ती धर्माशी संबंध नसलेल्या पुस्तकांवरची बंदी सैल झाली. १७७१ मध्ये एदोला सुगिता गेन्पाकु, माएनो र्‍योताकु आदी वैद्यांनी एका मृत गुन्हेगाराचे शवविच्छेदन पाहिले. हातात नागासाकीमार्गे आलेले शरीरशास्त्राचे डच पुस्तक होते. पुस्तकातील आकृत्या आणि समोरचे शरीर तंतोतंत जुळले. परंपरेने शिकवलेले जुळले नाही. त्यांनी ते पुस्तक भाषांतरायचे ठरवले. कोश नाही, शिक्षक नाही, शब्दाशब्दाशी झगडा. १७७४ मध्ये भाषांतर प्रसिद्ध झाले. मज्जातंतूसाठी त्यांनी तेव्हा घडवलेला शब्द जपानी माणूस आजही वापरतो.

ह्या दुभाष्यांतला एक, शिझुकी तादाओ, ह्याच्याविषयी दोन वाक्ये अधिक बोलण्याचा मोह होतो. न्यूटनच्या पदार्थविज्ञानावरचे पुस्तक त्याने डचमधून जपानीत आणले. गुरुत्वाकर्षण, केंद्राकर्षी बल अशा कल्पनांना शब्द पाडणे किती कठीण, हे आपल्या परिभाषा-समित्यांवर बसलेल्यांना विचारावे! देजिमावर राहून गेलेला जर्मन वैद्य केम्फर ह्याने जपानवर एक मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यातील एक निबंध शिझुकीने १८०१ मध्ये जपानीत आणला आणि शीर्षकासाठी ‘साकोकु’, म्हणजे ‘कुलूपबंद देश’, हा शब्द बनवला. म्हणजे पाहा : आपला देश बंद आहे ह्या गोष्टीला नाव मिळाले ते परक्याच्या पुस्तकातून, आणि ते ठेवले दारावर बसलेल्या माणसाने! आत राहणाऱ्याला दार बंद आहे हे कळतच नाही.

पुढे १८२३ मध्ये सीबोल्ट नावाचा जर्मन वैद्य देजिमावर आला. त्याला गावाबाहेर शाळा काढू दिली आणि तेथे जपानभरचे तरुण वैद्यक शिकू लागले. मग त्याच्या सामानात देशाचे नकाशे सापडले. ते देणारा राजज्योतिषी ताकाहाशी तुरुंगात मेला, आणि सीबोल्टला १८२९ मध्ये हद्दपार केले. त्याची दोन-अडीच वर्षांची मुलगी इने आईपाशी मागे राहिली. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली जपानची पहिली स्त्री-डॉक्टर ती हीच. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या, त्याच्या कितीतरी आधी इने रोगी तपासत होती. १८४९ मध्ये देवीची लसही जपानात उतरली ती देजिमावरच.

आता मघाशी सोडलेला धागा पुन्हा हातात घेतो. धर्मबंदी आली तेव्हा नागासाकी परिसरातल्या ख्रिस्ती लोकांचे काय झाले? दरवर्षी नव्या वर्षाच्या आरंभी गावातल्या घराघरांतून येशूची किंवा मेरीची प्रतिमा पायाखाली ठेवीत आणि प्रत्येकाला तिच्यावर पाय देऊन पुढे जावे लागे. ह्याला ‘फुमिए’ म्हणत. पुष्कळांनी पाय दिला, घरी येऊन क्षमेची प्रार्थना केली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाय दिला. शहराच्या उत्तरेला उराकामी नावाचे खोरे आहे, तेथले शेतकरी असे सात पिढ्या जगले. जपानातला शेवटचा पाद्री १६४४च्या सुमारास गेला. ह्यांच्याजवळ ना पाद्री, ना देऊळ, ना पुस्तक. एकजण सणांचे पंचांग सांभाळी, एकजण मूल जन्मले की पाण्याचा विधी करी. प्रार्थना लॅटिन-पोर्तुगीज आणि जपानी शब्दांची मिसळ होऊन तोंडोतोंडी उतरत गेल्या, अर्थ झिजला, नाद राहिला. पूजेला कान्नोन ह्या बौद्ध देवतेची चिनी मातीची मूर्ती ठेवीत आणि मनात तिला मेरी म्हणत. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला. तो चीनमध्ये स्त्रीरूप झाला आणि नागासाकीत पोचून येशूची आई झाला! करुणेच्या देवतेला ह्याहून अवघड काम कोणी सांगितले नसेल.

दार उघडल्यावर परदेशी लोकांसाठी ओउरा येथे फ्रेंच पाद्र्यांनी १८६४ मध्ये चर्च बांधले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे दहापंधरा शेतकरी तेथे येऊन घुटमळले. त्यांतील एका बाईने फादर पेतीजाँ ह्याच्या कानाशी हळूच सांगितले की आमचे आणि तुमचे मन एकच आहे. आणि मेरीची मूर्ती कोठे, असे विचारले. सव्वादोनशे वर्षांनी! युरोपात आनंदाचा गजर झाला. पण कायदा अजून जुनाच होता. शोगुनच्या सरकारने धरपकड केली, आणि पुढे आलेल्या मेइजी सरकारने, ज्याला आपण सुधारणावादी म्हणतो त्याने, उराकामीच्या सुमारे ३,४०० स्त्रीपुरुषमुलांना घरादारांतून उठवून देशभर हद्दपार केले. सहाशेहून अधिक माणसे तिकडेच मेली. १८७३ मध्ये बंदी उठली तेव्हा उरलेली परत आली. ह्या कफल्लक लोकांनी १८८० मध्ये काय केले असेल? ज्या पाटलाच्या वाड्यात त्यांना प्रतिमेवर पाय द्यावा लागे, तो वाडाच विकत घेतला. त्या जागी १८९५ मध्ये चर्चचा पाया घातला आणि विटांचे ते प्रचंड मंदिर १९१४ मध्ये पुरे केले. १९२५ मध्ये घंटांचे दोन मनोरे चढले.

बंदराची दुसरी बाजूही वाढत होती. मित्सुबिशीच्या गोदीत १९३८ पासून ‘मुसाशी’ ही अजस्र युद्धनौका बांधली गेली, ती दोरखंडांच्या पडद्यांआड लपवून. पर्ल हार्बरवर टाकलेले पाणतीर नागासाकीच्या कारखान्यात तयार झालेले होते. हे शहर निव्वळ प्रार्थना करणारे नव्हते, हे सांगितलेच पाहिजे. कारखान्यांत बळजबरीने आणलेले कोरियन मजूरही राबत होते.

९ ऑगस्ट १९४५ला अमेरिकन विमान निघाले ते नागासाकीसाठी नव्हे, कोकुरा शहरासाठी. कोकुरावर ढग आणि धूर होता. वैमानिक वळला. नागासाकीवरही ढग होते. नेम शहराच्या मध्यावर धरायचा होता, तो तेथून तीनेक किलोमीटर उत्तरेकडे गेला. अकरा वाजून दोन मिनिटांनी उराकामीच्या खोऱ्यावर सुमारे पाचशे मीटर उंचीवर प्लुटोनियमचा बॉम्ब फुटला. मधल्या डोंगरांनी जुन्या बंदराचा बराच भाग वाचवला. ओउराचे चर्च उभे राहिले. उराकामीचे चर्च स्फोटाच्या जागेपासून अवघे पाचशे मीटरवर होते. येत्या १५ ऑगस्टच्या मेरीच्या सणासाठी पापनिवेदन करायला जमलेली माणसे आणि दोन पाद्री आत होते. त्यांतले कोणी उरले नाही. वर्षअखेरपर्यंत शहरात सुमारे ७४,००० माणसे मेली. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी साडेआठ हजार गेले. शोगुनला सात पिढ्यांत जे साधले नाही ते एका क्षणात झाले, आणि केले ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या देशाने.

त्या खोऱ्यात राहणारा क्ष-किरणांचा डॉक्टर नागाई ताकाशी ह्याची पत्नी ह्यात मेली. तो स्वतः आधीच रक्ताच्या कर्करोगाने आजारी होता. नोव्हेंबरात मृतांसाठी झालेल्या प्रार्थनेत त्याने म्हटले की हे ईश्वराने स्वीकारलेले बलिदान आहे. होरपळलेल्या माणसांना त्या शब्दांनी धीर दिला असेल, मी त्यांचा उपमर्द करणार नाही. पण मला ते पटत नाही. बॉम्ब ईश्वराने टाकला नव्हता; त्याचा कारखाना होता, त्याचा हिशेब होता, त्यावर सह्या होत्या. जपानातही नागाईंच्या ह्या विचारावर पुढे कडक टीका झाली.

हिरोशिमाने आपला मोडका घुमट तसाच राखला. नागासाकीत मोडक्या चर्चविषयी पुष्कळ वाद झाला. ते अवशेष तसेच ठेवावेत असे अनेकांचे म्हणणे होते. १९५८ मध्ये ते पाडले आणि १९५९ मध्ये त्याच जागी नवे चर्च उभे राहिले. उराकामीच्या लोकांना त्याच जागेवर प्रार्थना करायची होती, आणि ती जागा त्यांनी कशी मिळवली होती ते आपण आत्ताच पाहिले. अणुबॉम्बग्रस्तांची देशव्यापी संघटना निहोन हिदान्क्यो १९५६ मध्ये ह्याच नागासाकीत स्थापन झाली. २०२४ मध्ये तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते स्वीकारताना बोलले ते तानाका तेरुमी बॉम्ब पडला त्या दिवशी तेरा वर्षांचे होते आणि नागासाकीत होते.

देजिमा आता बेट राहिलेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बंदराची भर पडत पडत ते शहराच्या पोटात गेले. अलीकडे त्यातील घरे पुन्हा जुन्या घाटाने बांधली आहेत, आणि २०१७ मध्ये त्याच्या फाटकापुढे नवा पूलही टाकला. आता त्यावर चौकी नाही.

चर्चच्या घंटा दोन होत्या. एक ढिगाऱ्यात शाबूत सापडली. डिसेंबर १९४५ मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, उरलेल्या माणसांनी ती तिकाटण्यावर टांगून वाजवली. दुसरी फुटली होती. तिचा मनोरा नव्या चर्चमध्ये बांधला खरा, पण तो रिकामाच राहिला. अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी करून तिच्या जागी नवी घंटा ओतवून दिली. ९ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी, ऐंशी वर्षांनंतर प्रथमच, त्या खोऱ्यात दोन्ही घंटा बरोबर वाजल्या.